घाईतल्या माणसाला देव कसा सांगावा

ज्याच्याकडे वेळ नाही त्याला देवधर्म सांगायचा असेल तर त्याच्या हातात त्या क्षणी जे असेल तिथून सुरुवात करा. हातात पळी असेल तर पळीपासून, अक्षता असतील तर अक्षतांपासून. ‘ईश्वर म्हणजे काय’ इथून सुरुवात केलीत तर दुसऱ्या मिनिटाला समोरचा घड्याळाकडे बघू लागतो, आणि यात त्याचा काही दोष नसतो. त्याने तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

मी पुण्यात पौरोहित्य करते. आधी बँकेत काउंटरवर बसत होते. मुदतीआधी निवृत्ती घेतली, रीतसर संथा घेतली (गुरूकडून मंत्र शिकून पाठ केले) आणि या कामाला लागले. कर्वेनगरहून निघून वाकड, बालेवाडी, हिंजवडी, खराडी अशा कुठल्या तरी टॉवरमध्ये जायचं आणि वास्तुशांत, सत्यनारायण, बारसं, मुंज, कधी श्राद्ध करायचं. यजमान तिशी-चाळिशीचे, दोघंही नोकरी करणारे. कुणी मला ‘गुरुजी’ म्हणतं, बहुतेक जण ‘काकू’ म्हणतात. आणि दार उघडल्या उघडल्या सांगतात, “काकू, साडेअकराला माझा कॉल आहे.”

हे लिहिते आहे ते माझ्यासारखं काम करणाऱ्यांसाठी, आणि त्याहून जास्त घराघरातल्या आजी-आजोबांसाठी, आई-बाबांसाठी. ‘हे कशाला करायचं?’ या प्रश्नाला रोज तेच तोंड देतात.

कॉल आहे म्हणणाऱ्यावर रागावू नका. मी पूजेच्या आधीच सांगून टाकते: तीन वेळा मला तुम्ही पूर्ण हवे आहात. संकल्पाला, प्राणप्रतिष्ठेला आणि आरतीला. या तीन वेळा फोन आतल्या खोलीत. मधल्या काळात उठावं लागलं तर उठा, घरातलं दुसरं कुणीतरी बसेल. इतकं स्पष्ट सांगितलं की माणसं मोकळी होतात, आणि मोकळी झाली की बहुतेक वेळा उठतच नाहीत. (होम असेल तर आणखी एक काम आदल्या दिवशी करून घ्या: सोसायटीच्या ऑफिसला आणि वॉचमनला सांगून ठेवा. नव्या इमारतींत धुराचा अलार्म वाजतो आणि ऐन आहुतीच्या वेळी खालून माणसं धावत येतात.)

संकल्पापासून

एकच गोष्ट समजावण्याइतका वेळ असेल तर संकल्प समजवा. यजमान उजव्या हातात पाणी घेऊन बसलेला असतो, मी भराभर काहीतरी म्हणते आणि त्याला वाटतं ही नेहमीची गुणगुण. मी तिथे थांबते आणि सांगते, आपण आत्ता आपला पत्ता आणि वेळ सांगतोय. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचं पहिलं चरण, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण किनारा. मग शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. कल्पापासून निघून आजच्या सकाळपर्यंत, आणि अख्ख्या पृथ्वीवरून या चौरंगापर्यंत. एवढ्या अफाट काळात आणि जागेत मी अमुक गोत्राचा, अमुक नावाचा माणूस इथे बसलो आहे, असं तो म्हणतो.

इंजिनिअर मुलं इथे हमखास मान वर करतात. कुणीतरी विचारतं, मग हा महिना नेमका कुठून आला, कॅलेंडरपेक्षा वेगळा का? याचं उत्तर दोन वाक्यांत द्या. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचं, म्हणून दर वर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो. तो साठत जातो आणि पावणेतीन वर्षांच्या आसपास एक अधिक महिना घालून हिशेब जुळवून घेतात, जसा २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. पंचांगाचं व्याख्यान देत बसू नका. त्याला कळायला हवं ते एवढंच, की हे कुणीतरी आकाशाकडे नीट बघून ठरवलेलं आहे.

पण संकल्पाचा गाभा पुढे आहे: आम्हा सर्वांना, सहकुटुंब सपरिवार, क्षेम, स्थैर्य, आयुष्य, आरोग्य मिळावं. हे संस्कृतात म्हणून झालं की मी यजमानाला मराठीत म्हणायला लावते. आज तुम्ही काय मागताय आणि कुणासाठी, मोठ्याने सांगा. बालेवाडीच्या एका घरात यजमान बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात, त्यांची मुलगी बारावीला आहे. तिचं नाव घेतलं तर चालेल का?” मी म्हटलं, चालेल काय, घ्याच. त्याची बायको त्याच्याकडे बघतच राहिली. त्या घरात मी देवाची व्याख्या सांगितली नाही, तिची गरज पडली नाही. आपल्यापेक्षा मोठं काहीतरी आहे असं धरून, त्याच्यासमोर स्वतःच्या पलीकडच्या कुणासाठी तरी काही मागणं, इथे माणसाला देवाची पहिली ओळख होते असं माझं ठाम मत आहे.

वास्तुशांतीतही हेच करा. ‘वास्तुपुरुषाला शांत करायचं’ म्हटलं की नव्या पिढीला ते भुताखेताचं वाटतं. त्यांना खिडकीतून खाली दाखवा. ही इमारत उभी राहताना जमीन खणली गेली, झाडं तुटली, किती जीव मेले, कितींची बिळं गेली. त्या सगळ्यांची क्षमा मागून मग आपण इथे राहायला सुरुवात करतो. चौदाव्या मजल्यावरच्या माणसालाही हे लगेच पटतं, कारण समोरची टेकडी पोखरलेली त्याला रोज दिसत असते.

नेहमी येणारे प्रश्न

मूर्तीत देव असतो का, हा प्रश्न पुण्यात भाद्रपदात हटकून येतो. याचं उत्तर गणपतीच्या पूजेतच आहे, बाहेर शोधायला नको. शाडूची मूर्ती दुकानातून आणतो तेव्हा ती माती असते. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा करतो, तेव्हापासून ती देव. मग तिच्यासमोर आपण बोलतो, नैवेद्य दाखवतो, घरात आवाज चढवत नाही. उत्तरपूजेला अक्षता वाहतो, पुन्हा यायचं आमंत्रण देतो, मूर्ती जागेवरून जराशी हलवतो, आणि ती पुन्हा माती. पाण्यात विरघळते. ज्यांनी हा विधी बसवला त्यांना मूर्ती आणि देव यांतला फरक पक्का ठाऊक होता. निराकाराशी बोलायला कठीण जातं, म्हणून काही दिवस आकार दिला आणि मग तो आपल्याच हाताने परत केला. मुलांना हे शब्दांनी सांगण्यापेक्षा मूर्ती हलवताना त्यांचा हात मूर्तीला लावू द्या. मी ते न चुकता करते.

देव इतके कशाला? याला बृहदारण्यक उपनिषदातला संवाद फार उपयोगी पडतो. शाकल्य नावाचा पंडित याज्ञवल्क्य ऋषींना विचारतो, देव किती? तो म्हणतो, तीन हजार तीनशे सहा. बरं, पण खरोखर किती? तेहतीस. खरोखर? सहा. मग तीन, मग दोन, मग दीड, आणि शेवटी एक. तो एक कोण, तर प्राण. प्रत्येक वेळी शाकल्य ‘ठीक’ म्हणतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो. हा संवाद मी पोरांबरोबर पाठ म्हणते. एक जण शाकल्य होतो, एक याज्ञवल्क्य. ‘दीड’ आला की सगळे हसतात, आणि दीड देव म्हणजे कोण, असं विचारतात. तो वारा. संपूर्ण खेळाला दोन मिनिटं लागतात आणि अनेकात एक ही गोष्ट त्यांना पुन्हा समजवावी लागत नाही.

आता खरा प्रश्न. देव आहे का? हा प्रश्न बहुतेक वेळा लहान मूल विचारतं, किंवा कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेला, पूजेला न बसलेला एखादा काका. इथे खोटं बोलायचं नाही. मी सांगते, मला देव डोळ्यांनी दिसलेला नाही. तो आहे असं मी मानते, आणि त्या मानण्याने माझं जगणं सरळ राहतं. सिद्ध करून दाखवा म्हणालात तर मला येणार नाही. असं स्वच्छ सांगितलं की समोरचा वाद घालत नाही, ऐकतो.

मग मी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त सांगते. सृष्टी कुठून झाली, कुणी केली की केलीच नाही, हे परम आकाशातून जो तिच्याकडे बघतो त्याला ठाऊक असेल; किंवा त्यालाही ठाऊक नसेल. सूक्त इथेच संपतं. वेदच अशी शंका घेतो हे ऐकून तरुण मुलं चकित होतात. ऋग्वेदाची ३० हस्तलिखितं लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत जपलेली आहेत आणि युनेस्कोने २००७ साली त्यांची जागतिक स्मृतींच्या यादीत नोंद केली, हेही सांगा. रोज ज्या रस्त्याने जातो तिथे ही शंका इतकी जपून ठेवली आहे, हे कळलं की त्यांना स्वतःच्या शंकेची लाज वाटत नाही.

लॅपटॉपवाल्या काकांसाठी आणखी एक गोष्ट हाताशी ठेवा. यज्ञकर्माचा सगळ्यांत कडवा पुरस्कार केला पूर्वमीमांसक या जुन्या वैदिक विचारवंतांनी, आणि जगाचा कर्ता ईश्वर त्यांनी मानला नाही. सांख्य या दुसऱ्या जुन्या विचारपंथानेही त्याच्यावाचून जगाची मांडणी केली. तेव्हा “मी नास्तिक आहे, मला यात जागा नाही” असं कुणी म्हणालं, तर त्याला जवळ बोलवा, आरतीला टाळ हातात द्या. वाजवायचा की नाही ते त्याचं तो ठरवेल.

या सगळ्यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला विसरू नका: देव, धर्म आणि चालरीत. माणसं भांडतात ती बहुतेक चालरीतीवरून, आणि भांडून झाल्यावर देव सोडून देतात. सोवळ्यात बसायचं की साध्या धुतलेल्या कपड्यांत, नैवेद्याला कांदा चालतो का, निरांजन कुठल्या बाजूला ठेवायचं, ही चालरीत. ती घरागणिक बदलते, बदलू द्या. खोटं न बोलणं, दुसऱ्याचं न लुबाडणं, म्हाताऱ्या आई-वडिलांना न टाकणं, हा धर्म. तो अर्ध्या तासाच्या पूजेत मावत नाही. “काकू, पाळी आली आहे, बसू का?” असं मुली हळू आवाजात विचारतात. त्यांना मी सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात सांगते, बस. ती चालरीत आहे, आणि ती बदलायला हवी असं माझं मत आहे.

भीती घालू नका

सत्यनारायणाच्या कथेवर नवी पिढी नेमकं बोट ठेवते. प्रसाद न घेता साधुवाण्याची मुलगी कलावती धावत गेली म्हणून देवाने तिच्या नवऱ्याची नाव बुडवली? असा कसा देव? हा प्रश्न रास्त आहे, तो झटकून टाकू नका. कथा पुन्हा बघा. साधुवाण्याने मूल होऊ दे म्हणून शब्द दिला. मूल झालं, तर म्हणाला मुलीच्या लग्नात करीन. लग्न झालं, तरी केलं नाही. गरजेच्या वेळी दिलेला शब्द गरज सरल्यावर विसरणारा माणूस, ही त्या कथेची खरी गोष्ट आहे, आणि ती कळायला ऑफिसात काम करणाऱ्याला फार वेळ लागत नाही. शेवटच्या अध्यायातला तुंगध्वज राजा तर आवर्जून सांगा. रानात गवळी पूजा करत होते, त्यांनी दिलेला प्रसाद राजाने गर्वाने तिथेच टाकला, आणि त्याचं सगळं गेलं. परत येऊन त्याच गवळ्यांबरोबर बसला तेव्हा मिळालं. म्हणून ज्या घरी मी ही पूजा सांगते तिथे प्रसादाचा शिरा आधी वॉचमनला आणि झाडलोट करणाऱ्या ताईंना जातो, पाहुण्यांना नंतर. ही माझी अट आहे.

पूजेच्या शेवटी आपण काय म्हणतो तेही मराठीत सांगा. मला आवाहन येत नाही, पूजा येत नाही, मंत्र चुकले, क्रिया चुकल्या, भक्तीही कमी पडली, सांभाळून घे. चुकण्याची क्षमा पूजेतच आधीपासून ठेवलेली आहे. मग अमुक राहिलं म्हणून वाईट झालं, असं कुणालाही म्हणू नका. घरात आजार आला, नोकरी गेली, आणि कुणीतरी येऊन सांगतं की कुळाचार चुकला. हे ऐकून माणसं देवापासून कायमची तुटतात.

मृत्यूच्या घरात तर फारच जपून. तिथे आत्मा अमर आहे वगैरे सांगायला जाऊ नका. ज्याचे वडील गेलेत त्याला त्या दिवसांत काहीतरी हाताने करायला हवं असतं. परदेशातून रात्रीच्या विमानाने आलेला मुलगा दहाव्याला घाटावर उभा असतो, पिंड ठेवलेला असतो, आणि कावळा शिवत नाही. नातेवाईक कुजबुजू लागतात, काय इच्छा राहिली असेल. त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. त्याला लगेच सांगा की कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात, आणि ही सोय परंपरेनेच केलेली आहे. शहरात कावळे कमी झालेत, तुझे बाबा नाराज नाहीत.

तर्पणाचा अर्थ मात्र त्याला सांगा, पाणी सोडत असतानाच. आधी वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. मग आईकडचे. मग गुरू, मित्र. आणि मग ज्यांना ना आई, ना बाप, ना कुणी भाऊबंद, ज्यांना पाणी द्यायला कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठी. शेवटी ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळे तृप्त होवोत. स्वतःच्या दुःखाने भरलेल्या माणसाच्या ओंजळीतून अनोळखी मेलेल्यांनाही पाणी जातं. धर्म काय करतो, असं मला कुणी एका वाक्यात विचारलं तर मी तर्पण दाखवते.

आणि जिथे धर्माच्या नावाने अन्याय झाला तिथे तो झाला असं म्हणा. “सगळ्यांत देव आहे, मग चोखोबा देवळाबाहेर का?” असं एका मुलीने मुंजीच्या मांडवात विचारलं. तिला गप्प बसवायला तिघं-चौघं पुढे आले. मी त्यांना थांबवलं. पंढरपूरला चोखोबांची समाधी पायरीपाशी आहे, आत नाही. आपल्या पुण्यात १९२९ साली पर्वतीच्या देवळात जाता यावं म्हणून अस्पृश्यांना सत्याग्रह करावा लागला आणि त्यांना आत घेतलं गेलं नाही. पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. हे तिला सगळ्यांदेखत सांगितलं. हेही सांगितलं की देव आणि माणूस यांच्यामध्ये कुणी दलाल नको, हे याच शहरात जोतिरावांनी सांगितलं आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. मी पुरोहित आहे आणि हे मला मान्य आहे. म्हणून पोथी यजमानाच्या हातात देते आणि पुढच्या वर्षी तुमची तुम्ही करा म्हणते. काही घरांनी खरंच केली.

दुसऱ्यांच्या धर्माबद्दल मुलं विचारतात तेव्हा थोडंच बोला आणि नेऊन दाखवा. कॅम्पात लाल देऊळ आहे, ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ. चर्च आहेत, अग्यारी आहे, मशिदी आहेत. अग्यारीत पारशी नसलेल्यांना आत जाता येत नाही. बाहेर उभं राहून तेही सांगा. आपलं उत्तम आणि त्यांचं वाईट शेजारी ठेवून तुलना करणं तेवढं टाळा. मूल ती लबाडी लगेच ओळखतं.

घरातल्या मोठ्यांसाठी

नातवंडं दूर असतील, व्हिडिओ कॉलवरच भेटत असतील, तर उपदेश करू नका, विचारा. “तुला काय वाटतं, देव कुठे राहत असेल?” आधी त्याचं उत्तर पूर्ण ऐका. मग तुमचं सांगा, पण स्वतःच्या आयुष्यातलं. तुमच्या आईने अंगणात तुळशीला पाणी घालताना काय म्हटलं होतं, वारीत पाय सुजले तेव्हा कुणी तेल लावलं, ऑपरेशनच्या आदल्या रात्री तुम्ही कुणाचं नाव घेतलंत. पुराणातल्या दहा गोष्टींपेक्षा यातली एक त्यांच्या लक्षात राहते.

करायला सांगायचं ते छोटं आणि ठरलेलं सांगा. संध्याकाळी दिवा, दोन ओळी, आणि त्या दिवशी ज्याच्याशी वाईट वागलो त्याचं नाव मनात घेणं. पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. रात्रपाळी असेल तर सकाळी लावा, दिव्याला चालतं. गॅस शेगडीजवळ देव्हारा असेल तर पडदा लांब ठेवा आणि मूल एकटं असताना ज्योत पेटती ठेवू नका. विजेचा दिवाही चालतो.

आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर तो प्रश्न त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या, खाली तारीख घाला. पुढच्या रविवारी फोन कराल तेव्हा तिथूनच सुरू करा.